आपला कारकून आपणच

कर हा विषय कानांस फारसा गोड लागणारा नव्हे, हें मी जाणून आहें. तरीहि आज तोच विषय घेऊन आपल्यापुढें येण्याचें कारण असें कीं, गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या घराघरांत कमाईची एक नवी तऱ्हा शिरली आहे. परंतु त्या कमाईबरोबर येणाऱ्या जबाबदारीची माहिती मात्र तितक्या वेगानें शिरलेली नाहीं. एका घरांतील मुलगा मोटारसायकलवरून लोकांचीं जेवणें पोंचवितो. दुसऱ्या घरांतील मुलगी आपल्या खोलींत बसून परदेशांतील एखाद्या पेढीचें संगणकाचें काम करून देते. तिसऱ्या घरांतील गृहस्थ नोकरी सुटल्यावर स्वतःची मोटार ॲपवर लावून भाडीं करतात. "चिरंजीव काय करतात?" असें कोणी विचारलें म्हणजे आईबाप क्षणभर अडखळतात आणि म्हणतात, "नोकरी नाहीं, पण मिळवतो हो!"

ह्या "नोकरी नाहीं, पण मिळवतो" अशा माणसांना कायद्यानेंहि आतां नांव दिलें आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंत 'गिग कामगार' म्हणजे कोण, ह्याची व्याख्या केली असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलांत आली. नीति आयोगानें २०२२ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत २०२०-२१ मधील अशा कामकऱ्यांची संख्या ७७ लाख धरली होती, व २०२९-३० पर्यंत ती २ कोटि ३५ लाखांवर जाईल असा अंदाज केला होता. तेव्हां हा प्रश्न चार-दोन हौशी तरुणांचा राहिलेला नाहीं. तो आपल्या घरांतला झाला आहे.

प्रथम, जुनी रीत काय होती तें पाहूं. मी जन्मभर शाळामास्तर. आमच्या पगारावरील कर आमच्या शाळेचा कारकून कापून घेई. जानेवारी महिन्यांत विम्याची पावती त्याच्या टेबलावर नेऊन ठेवली कीं आमचें कर्तव्य संपलें. हिशेब त्याचा, भरणा त्याचा, वर्षाअखेर दाखलाहि त्याचाच. पगारदार माणसास कराचें ओझें जाणवतें, पण कराची खटपट जाणवत नाहीं, ती ह्यामुळें. आपल्या देशांत प्राप्तिकर प्रथम आला तो १८६० सालीं. सत्तावन्नच्या बंडानंतर रिकामी झालेली तिजोरी भरण्यासाठीं जेम्स विल्सन ह्यांनीं तो आणला. पुढें १८८६, १९१८, १९२२ व १९६१ असे कायदे होत गेले, आणि १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला. कायदे बदलले, परंतु एक गोष्ट कायम राहिली. ज्यास मालक आहे त्याचा हिशेब मालक ठेवतो. ज्यास मालक नाहीं त्यास स्वतःचा कारकून स्वतःच व्हावें लागतें.

नेमकी ही गोष्ट आमच्या तरुणांच्या ध्यानांत येत नाहीं. ॲपवर काम करणारास रोज हुकूम येतात, कामाची वेळ मोजली जाते, चुकल्यास दंड होतो. म्हणून तो मनानें नोकरच असतो. परंतु करापुरतें बोलावयाचें तर तो बहुधा नोकर नसतो. त्याला मिळतो तो पगार नव्हे, ती धंद्याची जमा होय. ह्या फरकाचे परिणाम दोन आहेत. पगारदारास कांहींएक खर्च न दाखवितां सरसकट वजावट मिळते; नव्या पद्धतींत ती ७५,००० रुपयांची आहे. स्वतंत्र कामकऱ्यास ती मिळत नाहीं. उलट, पगारदारास बसभाडें वजा करतां येत नाहीं, तर ह्याला धंद्यासाठीं केलेला खर्च वजा करतां येतो. पेट्रोल, गाडीची दुरुस्ती, मोबाइलचें बिल, संगणकाची झीज हीं सर्व त्यांत येतात. घरचा किराणा व बहिणीच्या लग्नाचा खर्च येत नाहीं. जमेंतून असा खर्च वजा जातां जें उरतें तें त्याचें उत्पन्न.

आतां कोणी म्हणेल, रोज वीस फेऱ्या मारणारा मुलगा पेट्रोलच्या पावत्या कोठें सांभाळीत बसणार? कायद्यानें हीहि अडचण ओळखली आहे. लहान धंद्यासाठीं अंदाजी उत्पन्नाची एक सोय आहे. वर्षाची उलाढाल २ कोटींच्या आंत असेल तर बँकेतून वा मोबाइलवरून आलेल्या जमेवर शेंकडा ६, व रोखीच्या जमेवर शेंकडा ८, इतकें उत्पन्न धरून चालतें. दलाली किंवा कमिशनची कमाई मात्र ह्यांत बसत नाहीं. वकील, वैद्य, इंजिनियर, वास्तुशिल्पी, हिशेबनीस, तांत्रिक सल्लागार, चित्रपट-कलावंत, संगणकशास्त्राचे व्यावसायिक इत्यादि ठराविक पेशांस वेगळें माप आहे. त्यांची वर्षाची प्राप्ति ५० लाखांच्या, आणि रोखीचा भाग शेंकडा ५ हून अधिक नसल्यास ७५ लाखांच्या आंत असली, म्हणजे निम्मी प्राप्ति उत्पन्न म्हणून धरतात. शिकवणीच्या पेशाचा त्या यादींत नांवानें उल्लेख नाहीं. आम्हां मास्तरांना यादींतून वगळले जाण्याची संवय आहे, म्हणून मी तक्रार करीत नाहीं. १९६१ च्या कायद्यांतील ही सोय २०२५ च्या कायद्यांतहि ठेवलेली आहे. एवढें मात्र लक्षांत ठेवावें कीं, हा आकडा किमान आहे. खरी शिल्लक अधिक असेल तर अधिकच दाखवावी, असें कायदाच सांगतो. ह्या वाक्याकडे मी पुढें पुन्हां येणार आहें.

दुसरी गोष्ट, आधींच कापून घेतलेल्या कराची, म्हणजे सर्वतोमुखीं झालेल्या टीडीएसची. कंत्राटी कामाचे पैसे देतांना, वर्षाची रक्कम १ लाखाहून अधिक झाल्यास किंवा एका वेळेची ३० हजारांहून अधिक असल्यास, कंपनी व्यक्तीच्या नांवें शेंकडा १ कापते. पेशाच्या फीमधून शेंकडा १० कापले जातात. तेथील मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून ५० हजारांची झाली. अनेकांची समजूत अशी कीं, "कंपनीनें कापला, म्हणजे माझा कर भरला गेला." ही समजूत दोन्ही बाजूंनीं घातक आहे. कापलेली रक्कम ही तुमच्या नांवावर ठेवलेली ठेव होय. कर किती, हें वर्षाअखेर तुम्हींच विवरणपत्रांत सांगावयाचें असतें. कर जास्त निघाला तर उरलेला भरावा लागतो. कमी निघाला तर उरलेली ठेव परत मिळते. परंतु मागितल्यावांचून ती परत मिळत नाहीं.

दोन कल्पित उदाहरणें घेऊं. डब्यांची ने-आण करणाऱ्या एका तरुणास वर्षाला ३,६०,००० रुपये मिळतात असें समजा. पेट्रोल, दुरुस्ती व मोबाइल मिळून १,२०,००० खर्च होऊन उरले २,४०,०००. कंपनीनें शेंकडा १ प्रमाणें ३,६०० रुपये कापले. ह्याच्या उत्पन्नावर कर शून्य, म्हणून ३,६०० रुपये त्याचे त्याला परत यावयाचे. त्यानें विवरणपत्र भरलें नाहीं तर ते सरकारांतच राहतात. ३,६०० म्हणजे त्या घरचा कित्येक दिवसांचा बाजार! आणि त्यानें कंपनीस आपला पॅन क्रमांकच दिला नसेल तर कापणी शेंकडा १ नव्हे, शेंकडा २० होते. म्हणजे ह्या उदाहरणांत ७२,००० रुपये.

दुसरें उदाहरण संगणकाचें काम करणाऱ्या मुलीचें. तिला भारतांतील कंपन्यांकडून वर्षाला १८ लाख मिळाले. शेंकडा १० प्रमाणें १,८०,००० आधींच कापले गेले. निम्म्याच्या मापानें, आणि खरी शिल्लकहि तितकीच आहे असें धरून, तिचें उत्पन्न ९ लाख झालें. १ एप्रिल २०२५ पासून सुरू झालेल्या वर्षासाठीं नव्या पद्धतींत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरील कर सवलतीनें शून्यावर येतो. म्हणजे तिचे सगळे १,८०,००० परत येतील, पण तिनें विवरणपत्र भरलें तरच.

येथेंच एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. "१२ लाखांपर्यंत कर नाहीं, मग कागद कशाला भरावयाचा?" असें चहाच्या टेबलावर ऐकूं येतें. नव्या पद्धतींत ४ लाखांपर्यंत उत्पन्न करमुक्त आहे. त्यापुढें कर लागूं होतो, आणि १२ लाखांपर्यंत तो सवलत देऊन माफ होतो. माफी मिळणें आणि मुळांत हिशेबच न देणें ह्यांत अंतर आहे. उत्पन्न ४ लाखांवर गेलें कीं, कर शून्य निघाला तरी विवरणपत्र भरणें आवश्यक आहे. शिवाय, २०२२ सालीं केलेल्या नियमानें, पेशाची प्राप्ति १० लाखांवर गेली, अथवा कापलेला कर २५,००० किंवा अधिक झाला, तर उत्पन्न कमी असलें तरी विवरणपत्र द्यावें लागतें. ज्येष्ठ नागरिकांसाठीं हा दुसरा आकडा ५०,००० ठेवला होता. अंदाजी पद्धतीनें चालणाऱ्यांसाठीं विवरणपत्राचा क्रमांक ४ असून त्याला 'सुगम' असें नांव आहे.

तिसरी गोष्ट आगाऊ कराची. "मिळवतांना भरा" हें तत्त्व आपल्याकडे १९४४ सालीं कायद्यांत आलें. पगारदारास तें जाणवत नाहीं, कारण त्याचा कर दरमहा कापला जातो. स्वतंत्र माणसानें, कापलेला कर वजा जातां वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा अधिक होणार असेल तर, १५ जूनपर्यंत शेंकडा १५, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत संपूर्ण, अशा हप्त्यांनीं तो भरावयाचा असतो. अंदाजी पद्धतीनें चालणाऱ्यास एकच तारीख, १५ मार्च. वरील मुलीला हेंच काम परदेशांतून ३० लाखांचें मिळालें असें समजा. परदेशांतील गिऱ्हाईक येथील कर कापीत नाहीं. उत्पन्न १५ लाख धरलें तर २०२५-२६ च्या दरांनीं कर १,०५,००० आणि त्यावरील शेंकडा ४ उपकर ४,२०० मिळून १,०९,२०० रुपये होतात. हे पैसे तिच्या खात्यांत वर्षभर तिचेच म्हणून दिसत असतात, आणि मोह तेथेंच होतो. मार्चमध्यें ते शिल्लक नसले तर दरमहा शेंकडा १ प्रमाणें व्याज चालूं होतें. खात्यांत आलेली प्रत्येक रक्कम आपली नव्हे; तिच्यांत सरकारचा वांटा मिसळलेला आहे, हें जिच्या मनांत ठसलें तिला मार्च महिना जड जात नाहीं.

प्राप्तिकराबरोबर आणखी दोन करांची नांवें ऐकून ठेवावींत. वस्तु व सेवा कराची नोंदणी सेवा देणारास सामान्यतः वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली कीं करावी लागते. कित्येक सेवांवरील, उदाहरणार्थ ॲपवरून ठरविलेल्या प्रवासी भाड्यावरील, हा कर भरण्याची जबाबदारी कायद्यानें ॲप चालविणाऱ्या कंपनीवर टाकली आहे. परदेशीं पाठविलेल्या सेवेवर, नियम पाळल्यास, हा कर पडत नाहीं. परंतु नोंदणीची मर्यादा तेथेंहि विसरूं नये. दुसरा आहे आपल्या महाराष्ट्रांतील १९७५ च्या कायद्याचा व्यवसाय कर. राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाप्रमाणें तो एका माणसाकडून वर्षाला २,५०० रुपयांहून अधिक घेतां येत नाहीं. पगारदाराचा मालक कापतो. स्वतंत्र व्यावसायिकानें स्वतः नांव नोंदवून भरावयाचा असतो.

श्रोतेहो, आतां मी मघांशीं सोडलेल्या वाक्याकडे वळतों. खरी शिल्लक अधिक असेल तर अधिकच दाखवावी, असें मीं म्हटलें. आपला डबेवाला तरुण म्हणेल, "मास्तर, शेंकडा ६ च्या मापानें माझें उत्पन्न २१,६०० रुपयेच होतें. मी २,४०,००० कशाला दाखवूं?" कायद्याचें उत्तर मीं सांगितलेंच, पण व्यवहाराचें उत्तर त्याहून कठोर आहे. हा मुलगा दिवसाचे दहा-बारा तास रस्त्यावर असतो. ईश्वर करो आणि तसें न होवो, परंतु एखाद्या दिवशीं मोटारीची धडक बसून तो गेला, तर त्याच्या आईला किंवा बायकोला अपघात न्यायाधिकरणापुढें उभें राहावें लागतें. भरपाई ठरते ती त्याच्या वार्षिक उत्पन्नावरून. सर्वोच्च न्यायालयानें २००९ सालीं मान्य केलेल्या कोष्टकाप्रमाणें २६ ते ३० वर्षें वयाच्या माणसाच्या बाबतींत, त्याचा स्वतःवरील खर्च वजा जातां राहणारें वार्षिक उत्पन्न १७ नें गुणतात. न्यायाधीश विचारतात, "उत्पन्न काय होतें?" तेथें प्राप्तिकराचें विवरणपत्र हा भक्कम पुरावा मानला जातो. ज्यानें २१,६०० लिहिलें, त्याच्या घरच्यांना २१,६०० च्या कागदाशीं झगडावें लागेल. ज्यानें कांहींच लिहिलें नाहीं, त्याचें उत्पन्न बहुधा किमान वेतनाच्या अंदाजानें ठरेल. आणि २,४०,००० लिहिले असते तर कर किती पडला असता? शून्य. न पडणारा कर चुकविण्यासाठीं त्यानें आपल्याच कष्टांची किंमत आपल्या हातानें अकरावा हिस्सा करून ठेवली!

तीच गोष्ट घराच्या कर्जाची. बँकेंत पगारदार पगारपत्रिका पुढें करतो. स्वतंत्र माणसाकडे बँक मागच्या दोन-तीन वर्षांचीं विवरणपत्रें मागते. परदेश प्रवासाच्या परवान्यासाठींहि अनेक ठिकाणीं तींच लागतात. ज्यास मालक नाहीं, हजेरीपट नाहीं, नेमणुकीचें पत्र नाहीं, त्यानें वर्षभर काम केलें ह्याची सही-शिक्क्याची साक्ष ती हीच. म्हणून मी म्हणतों कीं, विवरणपत्र हा केवळ सरकारला द्यावयाचा कागद नव्हे. ती स्वतंत्र माणसाची पगारपत्रिका आहे. सामाजिक सुरक्षा संहितेनें ॲप-कंपन्यांवर उलाढालीच्या शेंकडा १ ते २ इतकी वर्गणी, कामकऱ्यांना दिलेल्या रकमेच्या शेंकडा ५ च्या मर्यादेंत, कामगारांच्या कल्याणासाठीं देण्याचें बंधन घातलें आहे. तो हक्क आज ना उद्यां पदरांत पडावयाचा. पण हक्क मागणारास प्रथम आपलें नांव कोठें तरी लिहिलेलें दाखवावें लागतें.

एक इशारा देऊन ठेवतों. "तुमचा सगळा कर परत मिळवून देतों, मला त्यांतले शेंकडा इतके द्या," असें म्हणणारे मध्यस्थ गल्लोगल्लीं झाले आहेत. न दिलेल्या देणग्या, न भरलेले विम्याचे हप्ते व न दिलेलें घरभाडें ते विवरणपत्रांत दाखवितात. परतावा येतो तेव्हां मध्यस्थ हंसत वांटा घेतो. नोटीस येते तेव्हां तो सांपडत नाहीं. विवरणपत्रावर नांव तुमचें असतें आणि जबाबदारीहि तुमचीच. जाणत्या हिशेबनीसाची फी देऊन सल्ला घ्यावा. त्यांत कमीपणा नाहीं. मात्र आपल्या नांवानें काय लिहिलें जात आहे, तें स्वतः वाचल्याशिवाय मान्य करूं नये. कोणी किती कर कापला व तुमच्या नांवें काय काय नोंदलें आहे, हें प्राप्तिकर खात्याच्या '२६-एएस' आणि वार्षिक माहिती-पत्रकांत घरबसल्या पाहतां येतें. आपली वही आणि हीं पत्रकें एकमेकांशीं ताडून पाहावींत.

आणि वही म्हणजे कांहीं मोठें शास्त्र नव्हे. आपल्या आजोबांच्या दुकानांत रोजकीर्द होती, तिचीच ही धाकटी बहीण. धंद्याचें बँक-खातें घरखर्चाच्या खात्यापासून वेगळें ठेवावें. प्रत्येक रविवारीं अर्धा तास बसून आठवड्याची जमा एका बाजूस व खर्च दुसऱ्या बाजूस लिहावा. पेट्रोलच्या व दुरुस्तीच्या पावत्यांचें मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावें, कारण त्या कागदावरील शाई वर्षभर टिकत नाहीं. ज्यांना कर पडण्यासारखा आहे त्यांनीं प्रत्येक जमेंतून एक ठराविक हिस्सा तत्क्षणीं वेगळा काढावा. पॅन क्रमांक प्रत्येक कंपनीस कळविलेला आहे कीं नाहीं, हें एकदां तपासावें. आईबापांनींहि, मुलगा "मिळवतो" एवढ्यावर समाधान न मानतां, "लिहून ठेवतोस ना?" असें विचारावें. ज्या घरांत शिकलेलें माणूस आहे त्यानें आपल्याच दारीं डबा घेऊन येणाऱ्या मुलास एवढें जरी विचारलें कीं, "बाळ, तुझा कापलेला कर परत मागितलास का?" तरी तें मोठें काम होईल.

कोणाच्या हाताखालीं नाहीं, ह्याचा आमच्या तरुणांना अभिमान वाटतो, तो वाटावाहि. परंतु स्वातंत्र्य म्हणजे हिशेबांतून सुटका नव्हे. दुसऱ्याच्या वहींत आपलें नांव नसेल तर तें आपण आपल्या वहींत लिहावें लागतें, आणि तें खरें लिहावें लागतें.